सातगाव पठारावरचे 240 तास

आंबेगाव तालुक्यातलं सातगाव पठार. पेठ, कुरवंडी, भावडीचा खरीप बटाटा. बियाणं बहुधा मंचरच्या बाजारातून आणलेलं, पंजाबकडचं. ऑगस्टमध्ये सलग झिमझिम आणि धुई पडली, की उशिरा येणारा करपा कसा पुढे सरकतो, ते असं. तास पाला आडवा होण्याआधीचे मोजलेत, आणि ते अदमासाचे आहेत.

240 तास आधी, संध्याकाळी 6. शेजारच्या रानातून वाऱ्यावर आलेला एक बीजाणू पानावर टेकतो. कडक उन्हात तो काही तासांतच मेला असता. आज ऊन नाही.

237 तास, रात्री 9. पानावर पाण्याचा पातळ थर साचलाय. पारा पंधराच्या खाली गेला, तर बीजाणू फुटून त्यातून पोहणारे सूक्ष्म जीव बाहेर पडतात. रात्र उबदार असेल तर तो थेट अंकुरतो, पण त्याला वेळ लागतो.

234 तास, मध्यरात्र. गारव्यात एव्हाना तो पानात शिरलेला असतो. माझ्या मते पीक इथेच हातचं जातं. मॅन्कोझेबसारखं औषध पानाच्या वरच राहतं, आत शिरलेल्याला ते अडवत नाही. म्हणून फवारणी या रात्रीच्या आधी व्हायला हवी, आणि त्यासाठी इशारा आधी मिळायला हवा. ब्रिटनमध्ये सलग दोन दिवस किमान तापमान 10 अंश किंवा त्याहून जास्त आणि रोज किमान सहा तास आर्द्रता 90 टक्के किंवा त्याहून जास्त राहिली, की शेतकऱ्याला सावध करतात. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेनेही ‘इंडो-ब्लाइटकास्ट’ तयार केलं आहे. असा इशारा बांधावरच्या माणसापर्यंत वेळेत पोहोचलाच पाहिजे.

132 तास, पाचव्या दिवसाची सकाळ. इतके दिवस रान हिरवंगार होतं. आज पानाच्या कडेला ओलसर, फिकट डाग दिसतो. पान उलटलं तर डागाभोवती पांढरी लव. शेतकरी दुकानात धावतो. ‘बुरशी आहे’ म्हणून कुणी कार्बेन्डाझिम हातात ठेवलं, तर पैसे पाण्यात. हा करपा आणणारी फायटोफ्थोरा ही खरी बुरशी नाहीच. तिचं नातं शेवाळवर्गाशी, आणि या औषधाला ती दाद देत नाही.

112 तास, पहाटे 2. दमट हवेत प्रत्येक डाग हजारो बीजाणू सोडतो. आता संसर्ग सगळ्या वावरात.

48 तास. देठ काळे पडलेत, कुजल्याचा वास बांधावरच येतो. मेटॅलॅक्झिल हे औषध मारूनही फायटोफ्थोराच्या काही वंशांचा रोग हटत नाही. युरोपात 2004 मध्ये सापडलेला 13_ए2 हा असाच. पुढे दक्षिण भारतात टोमॅटोवरच्या साथीमागेही तोच निघाला.

0. पाला आडवा. 1845 मध्ये आयर्लंडमध्ये याच रोगाने बटाटा नेला आणि पुढच्या वर्षांत दहा लाखांच्या आसपास माणसं उपासमारीने आणि साथींनी मेली. आपल्याकडे माणूस त्याने मरत नाही, पण बियाण्याचं कर्ज अंगावर राहतं.

जमिनीखालचा माल अजून वाचू शकतो. पावसाने बीजाणू वरंब्यात झिरपतात, सालीखाली तपकिरी सड धरते आणि साठवणीच्या अरणीत ती पसरते. त्यामुळे पाला कापून रानाबाहेर काढावा, दोनेक आठवडे थांबून कोरड्या दिवशी काढणी करावी आणि डागी बटाटा अरणीत एकही जाऊ देऊ नये.