सॅन फ्रान्सिस्कोच्या टपालकचेरीतील इतिहासचित्रे

सरकारी इमारतीच्या भिंतीवर इतिहास रंगविला गेला, की तो कोणाच्या वतीने बोलतो, हा प्रश्न सॅन फ्रान्सिस्को येथील रिंकन टपालकचेरीच्या निमित्ताने अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीपुढे उभा राहिला. गिल्बर्ट स्टॅन्ले अंडरवुड याच्या आराखड्यानुसार ही कचेरी १९४० च्या सुमारास उभी राहिली. केंद्र सरकारच्या कलाविभागाने १९४१ साली घेतलेल्या स्पर्धेत मॉस्को येथे जन्मलेल्या अँटन रेफ्रेजिए या चित्रकाराची निवड झाली आणि २६,००० डॉलर मोबदला ठरला. मध्यंतरी युद्ध आले, कलाविभागही १९४३ मध्ये बंद पडला. त्यामुळे प्रत्यक्ष काम १९४६ ते १९४८ या काळात झाले. म्हणजे न्यू डीलच्या उत्साहात कल्पिलेली चित्रे शीतयुद्धाच्या संशयी वातावरणात पूर्ण झाली. पुढील वादाचे मूळ बव्हंशी येथे आहे.

सत्तावीस चित्रांच्या या मालिकेत मूळ रहिवासी, स्पॅनिश धर्मगुरू, सोन्याचा शोध, लोहमार्ग, १९०६ चा भूकंप व आग हे अपेक्षित विषय आहेतच. परंतु १८७७ च्या दंगलीत मार खाणारे चिनी मजूर, १९१६ च्या बाँबस्फोटानंतरचा टॉम मूनीचा खटला आणि १९३४ चा बंदरकामगारांचा संपही तेथे आहे. यांपैकी शेवटचा प्रसंग केवळ ग्रंथगत नव्हता. ५ जुलै १९३४ रोजी ज्या गोळीबारात दोन माणसे बळी पडली, तो कचेरीच्या जागेलगतच्या मिशन व स्टुअर्ट रस्त्यांच्या चौकात झाला होता. टपाल टाकावयास येणाऱ्या कित्येकांनी तो दिवस अनुभवलेला असणार.

आक्षेप काम चालू असतानाच सुरू झाले. धर्मगुरू फार स्थूल दिसतो, अशी तक्रार आली. त्याला कृश करण्यात आले. संपाच्या चित्रातील एका माणसाच्या डोक्यावर माजी सैनिकांच्या संघटनेची टोपी होती. ती पुसावी लागली. रूझवेल्टची प्रतिमाही वगळण्यात आली. या फेरफारांत एक गोष्ट लक्षणीय आहे: घटना खोटी आहे, असे म्हणण्याऐवजी ती तेथे दिसू नये, असेच बहुतेक आक्षेपकांचे म्हणणे होते.

१९५३ साली कॅलिफोर्नियाचे प्रतिनिधी ह्यूबर्ट स्कडर यांनी ही चित्रे काढून टाकण्याचा ठराव मांडला. १ मे रोजी त्यावर सुनावणी झाली. चित्रकाराचे डावे संबंध हा आरोपाचा एक भाग. राज्याच्या पूर्वजांची विटंबना हा दुसरा. पहिल्या आरोपात तथ्य असले, तरी त्यावरून १८७७ ची दंगल खोटी ठरत नाही, हे आरोपकर्त्यांनी ध्यानात घेतले नाही. उलट बाजूने शहरातील कलासंग्रहालयांचे संचालक पुढे आले. बंदरकामगारांच्या संघटनेनेही चित्रांची पाठराखण केली. विशेष म्हणजे शहराचे दोन्ही प्रतिनिधी, रिपब्लिकन मेलियार्ड व डेमोक्रॅट शेली, ठरावाविरुद्ध बोलले. ठराव समितीतच राहिला.

१९७९ साली इमारतीची राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या नोंदवहीत नोंद झाली. त्याच वर्षी रेफ्रेजिए मॉस्को येथे निवर्तला. पुढे १९८० नंतरच्या दशकात त्या जागी नवे व्यापारी संकुल उभारताना जुना दर्शनी दालनभाग चित्रांसह राखण्यात आला.