बुझेचें धरण

दगडी धरण उभें राहतें तें स्वतःच्या वजनावर. पाणी त्यास पुढें ढकलतें, वजन त्यास खालीं दाबून धरतें. दोहोंचा हिशेब जमला म्हणजे भिंत टिकते. जुने गवंडी हा हिशेब मांडीत नसत. ते अनुभवानें भिंत जाड बांधीत आणि पुष्कळदां गरजेहून अधिक दगड खर्चीत. 1853 सालीं साझिली या फ्रेंच इंजिनियरानें असा नियम घातला कीं, तलाव भरलेला असो वा रिकामा, दगड चिरडेल इतका भार भिंतींत कोठेंहि पडतां कामा नये. याच विचारसरणीनें सेंत एत्येन शहराजवळ फुरां येथील उंच धरण 1866 त पुरें झालें.

पुढचें पाऊल पडण्यास मुंबई कारण झाली. तेथील म्युनिसिपालिटीचे इंजिनियर कॅप्टन टुलॉक यांनीं पाणीपुरवठ्याच्या दगडी धरणांविषयीं ग्लासगोचे प्रोफेसर रँकिन यांचा सल्ला मागितला. 1872 त रँकिननीं उत्तर दिलें : दगड चिरडूं नये एवढेंच पुरें नाहीं, चुन्याच्या सांध्यावर ताणहि पडूं नये, त्यासाठीं भिंतीच्या जाडीचे तीन समान भाग कल्पून दाबाची रेषा मधल्या भागांतच राखावी. त्याच वर्षाअखेर ते वारले.

फ्रान्समध्यें एपिनाल गांवाजवळ बुझे येथें कालव्यास पाणी पुरविण्यासाठीं 1878 ते 1881 या काळांत धरण बांधलें, त्यांत मात्र ही काळजी घेतली गेली नाहीं. भिंत बेताचीच जाड होती. मार्च 1884 मध्यें तिचा मधला सुमारें 135 मीटर लांबीचा भाग पाण्याच्या जोरानें जवळजवळ एक फूट पुढें सरकला. भिंत पडली नाहीं, हेंच नवल! मग 1888-89 त पायथ्याशीं भक्कम टेकू देण्यांत आला. दुखणें पायाचें म्हणून लेपहि पायालाच. वरचा भाग होता तसाच बारीक राहिला, आणि तलाव पुन्हा भरण्यांत आला.

27 एप्रिल 1895 च्या पहाटे हाच वरचा सुमारें 10 मीटर उंचीचा भाग उलथून पडला. आव्हिएर नदीच्या खोऱ्यांतील झोपलेल्या वस्तीवर लोंढा कोसळला आणि ऐंशींहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं.

चौकशींत जें दिसलें तें साधें, पण भयंकर होतें. पाण्याकडील सांधा ताणानें केंसभर उघडला कीं त्यांत पाणी शिरतें. दहा मीटर खोलीवर तें दर चौरस मीटरास दहा टन जोरानें वरच्या भिंतीस उचलूं पाहतें. जें वजन भिंतीचा आधार, तेंच असें हलकें होतें. मग चीर वाढते, पाणी आणखी आंत जातें. मॉरिस लेव्ही यांनीं त्याच वर्षीं नियम सुचविला कीं, पाण्याकडील बाजूस दगडाचा दाब त्या खोलीवरील पाण्याच्या दाबाहून कमी नसावा. नियम खर्चाचा होता, म्हणून सर्वत्र तसाच पाळला गेला नाहीं. पुष्कळांनीं धरणाच्या पोटांत निचऱ्याच्या नळ्या व बोगदे ठेवून पाण्यास वाट करून दिली.

11 डिसेंबर 1967 च्या भूकंपांत कोयनेच्या 103 मीटर उंच धरणासहि चिरा पडल्या, त्या पायाशीं नव्हे, तर वर जेथें भिंतीचा उतार बदलतो त्या मानेशींच. तें धरण मात्र उभें राहिलें, आणि पुढें त्याच्या मागील बाजूस काँक्रीटचे टेकू बांधण्यांत आले.