सुटकेनंतरचं घर

ऑक्टोबर १८६५. न्यू जर्सीतून जाणाऱ्या आगगाडीत तुम्ही खिडकीशी बसला आहात. अमेरिकेतलं यादवी युद्ध थांबून सहा महिने झालेत. गुलामगिरी कायद्याने संपवणारी घटनादुरुस्ती मंजुरीच्या उंबरठ्यावर आहे. पुढच्या बाकावर जेमतेम पाच फूट उंचीच्या, चाळिशी ओलांडलेल्या एक काळ्या बाई बसल्या आहेत. सैन्यातलं काम आटोपून त्या घरी निघाल्या आहेत आणि त्यांच्याजवळ सरकारने दिलेला सवलतीचा पास आहे. कंडक्टर पास बघतो, बाईंकडे बघतो आणि धूम्रपानाच्या डब्यात चालतं व्हायला सांगतो. बाई उठत नाहीत. मग तो मदतीला आणखी माणसं बोलावतो. बाई बाकाला घट्ट धरून ठेवतात. माणसं त्यांना ओढतात, हात पिरगाळतात आणि पलीकडच्या डब्यात नेऊन आदळतात. हाताची ही दुखापत पुढे कित्येक महिने त्यांना कामाला हात लावू देणार नाही.

डब्यात कुणालाच माहीत नाही, पण तुम्हाला माहीत आहे: या हॅरिएट टबमन. १८४९ मध्ये मेरीलँडमधल्या गुलामीतून त्या एकट्या निसटल्या. नंतर सुमारे तेरा वेळा पुन्हा त्याच मुलखात शिरल्या आणि रानातून, दलदलीतून, रात्रीच्या अंधारात जवळपास सत्तर माणसं बाहेर काढली. युद्धात त्या परिचारिका होत्या आणि हेरही. जून १८६३ मध्ये साउथ कॅरोलिनातल्या कॉम्बाही नदीवर सैन्याच्या बोटी त्यांनी मिळवलेल्या माहितीच्या आधारे गेल्या आणि एका मोहिमेत सातशेहून अधिक माणसं मुक्त झाली. युद्धाच्या सगळ्या वर्षांत मिळून सरकारकडून हातात पडले ते दोनशे डॉलर. त्यातूनही त्यांनी मुक्त झालेल्या बायकांसाठी धुलाईघर उभारलं, म्हणजे त्यांना कपडे धुऊन चार पैसे मिळवता यावेत. स्वतःच्या पोटासाठी त्या रात्री जागून ‘पाय’ ही पेस्ट्री आणि जिंजरब्रेड भाजायच्या.

बहुतेक पुस्तकं हॅरिएटना इथेच निरोप देतात. तुम्ही मात्र त्यांच्याबरोबर गाडीतून उतरा, कारण त्यांच्या आयुष्याची अजून सत्तेचाळीस वर्षं बाकी आहेत.

न्यूयॉर्क राज्यातलं ऑबर्न हे गाव. गावाच्या कडेला, फ्लेमिंगच्या हद्दीत, सात एकर जमीन आणि एक लाकडी घर. १८५९ मध्ये सिनेटर विल्यम सिवर्ड यांनी ते बाराशे डॉलरला, सोयीच्या हप्त्यांनी हॅरिएटना विकलं. तेव्हा पळून गेलेल्या गुलामांना पकडून परत पाठवण्याचा कायदा जारी होता, म्हणजे विकणारा आणि घेणारी दोघांनीही धोका पत्करला होता. हॅरिएटना हे घर हवं होतं ते म्हाताऱ्या आईवडिलांसाठी. १८५७ मध्ये त्यांनाही त्यांनी मेरीलँडमधून सोडवून कॅनडात नेलं होतं, पण तिथली थंडी म्हाताऱ्यांना सोसवेना.

दार उघडंच आहे. आत या. वडील बेन, आई रिट, भावंडांचा गोतावळा, कुणी आजारी, कुणी आंधळं, कुणाला जगात दुसरं कुणी नाही. इथे येणाऱ्याला कुठून आलात आणि कधी जाणार हे कुणी विचारत नाही. मागे भाजीचे वाफे आहेत, डुकरं पाळली आहेत. भाजी आणि अंडी गावात विकायची, आलेल्या पैशांत घर चालवायचं आणि शिवाय दक्षिणेत मुक्त झालेल्यांच्या शाळांसाठी वर्गणी गोळा करून पाठवायची.

एका कडक हिवाळ्यात बर्फाने वाट अडलेली असताना हॅरिएट स्वतः आजारी आहेत आणि घरात खायला काही नाही. त्या तशाच बर्फ तुडवत गावात जातात आणि ओळखीच्या बाईंकडे पाव डॉलर उसना मागतात, सोमवारी परत करीन म्हणून. सोमवारी तो परत येतोही.

गावातल्या मित्रमंडळींना ही ओढाताण दिसते. साराह ब्रॅडफर्ड त्यांच्या तोंडून हकीकत ऐकून चरित्र लिहितात. हॅरिएटना लिहितावाचता येत नाही, पण स्मरण लख्ख आहे. या पुस्तकाचे सुमारे बाराशे डॉलर हाती येतात आणि घरावरच्या कर्जाचा भार हलका होतो.

१८ मार्च १८६९. सेंट्रल प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये मागच्या बाकावर जागा धरा. हॅरिएट नेल्सन डेव्हिस यांच्याशी लग्न करताहेत. नेल्सन त्यांच्याहून वीसेक वर्षांनी लहान, काळ्या सैनिकांच्या पलटणीत लढलेले, आता विटा पाडण्याचं काम करणारे आणि क्षयाने पोखरलेले. पुढे दोघं गर्टी नावाची मुलगी दत्तक घेतील. १८८० च्या सुमारास लाकडी घर जळेल आणि त्याच जागी विटांचं घर उभं राहील. १८८८ मध्ये नेल्सन जातील.

पण आधी मागे येऊन १८७३ मध्ये जरा थांबा. त्या वर्षी दोन भामटे ऑबर्नमध्ये येतात: दक्षिणेतून आणलेलं सोनं आहे, नोटा द्या आणि स्वस्तात घ्या. युद्धात दक्षिणेतल्या मालकांनी पुरलेल्या ऐवजाच्या कथा हॅरिएटनी ऐकलेल्या असतात, आणि घरात माणसं वाढतच असतात. त्या दोन हजार डॉलर उधार मिळवतात. रानात त्यांच्यावर हल्ला होतो, त्यांना बांधून टाकलं जातं आणि पैसे जातात. याच वर्षी पुण्यात जोतीराव फुले ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध करतात आणि गुलामांना मुक्त करण्याच्या कामी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना ते पुस्तक अर्पण करतात. त्या लोकांत जिने वारंवार जीव धोक्यात घातला, ती बाई तेव्हा म्हाताऱ्यांच्या भाकरीसाठी कर्ज काढत होती.

आता सरकारी टेबलावरची कागदपत्रं चाळा. युद्धातल्या कामाच्या मोबदल्यासाठी केलेले अर्ज, प्रतिज्ञापत्रं, सेनाधिकाऱ्यांची शिफारसपत्रं. १८७४ मध्ये त्यांना दोन हजार डॉलर द्यावेत असा प्रस्ताव प्रतिनिधिगृहात मान्य होतो आणि सिनेटमध्ये अडतो. १८९५ मध्ये महिना आठ डॉलरचं पेन्शन सुरू होतं, तेही नेल्सन यांची विधवा म्हणून. १८९९ मध्ये परिचारिकेच्या कामाची दखल घेऊन रक्कम वीस डॉलर होते. ज्या हेरगिरीमुळे कॉम्बाहीकाठची सातशे माणसं सुटली, तिचं पेन्शन कधीच मिळत नाही.

१८९० च्या दशकातली एखादी दुपार निवडा आणि त्यांच्या ओसरीवर बसा. सगळं ऑबर्न आता त्यांना आंट हॅरिएट म्हणतं. बोलता बोलता त्यांची मान खाली जाते, डोळे मिटतात. घाबरू नका, हाक मारू नका. कोवळ्या वयात एका मुकादमाने पळणाऱ्या गुलामावर फेकलेलं दोन पौंडांचं वजन त्यांच्या डोक्यात बसलं होतं, तेव्हापासूनची ही झोप आहे. थोड्या वेळाने त्या जाग्या होतील आणि वाक्य जिथे सुटलं तिथूनच पुढे बोलू लागतील. अशाच अवस्थेत त्यांनी माणसं रानातून नेली. आता त्याच अवस्थेत त्या बोस्टन आणि वॉशिंग्टनच्या सभा गाठतात. १८९६ मध्ये वॉशिंग्टनला काळ्या स्त्रियांची राष्ट्रीय संघटना स्थापन होते, तेव्हा सभेत सर्वांत ज्येष्ठ त्याच असतात. त्याच वर्षी रॉचेस्टरच्या स्त्री-मताधिकार परिषदेत चळवळीच्या नेत्या सुझन अँथनी त्यांना व्यासपीठावर आणतात.

आणि त्याच वर्षी, त्यांच्या शेजारची पंचवीस एकर जमीन लिलावात निघते. गर्दी सगळी गोऱ्यांची. मागे कोपऱ्यात उभ्या असलेल्या हॅरिएट बोली चढवत नेतात आणि जमीन त्यांच्या नावावर सुटते. खिशात पैसे नाहीत. बँकेत जाऊन जमीन गहाण टाकून ते उभे करायचे आहेत. वय सत्तरीच्या पुढे. इतकी जमीन कशाला, असा प्रश्न तुमच्या ओठांवर येईल. उत्तर त्यांच्याजवळ तयार आहे: म्हाताऱ्या आणि निराधार काळ्या माणसांसाठी निवारा. गुलामीत राबून हाडं झिजलेली पिढी आता थकली होती; तिच्याजवळ जमीन नव्हती, बचत नव्हती, आणि बहुतेक वृद्धाश्रमांची दारं तिला बंद होती.

१९०३ मध्ये त्या ही मालमत्ता आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल झायन चर्चला देतात, कारण एकटीने कर आणि कर्ज फेडणं शक्य नसतं. चर्च प्रवेशासाठी शंभर डॉलर घ्यायचं ठरवतं. हॅरिएट चिडतात. ज्याच्याजवळ अजिबात पैसे नाहीत त्यालाच घ्यावं, असा नियम त्यांना हवा होता. २३ जून १९०८ रोजी निवारा उघडतो. गावातून वाद्यं वाजत येतात, भाषणं होतात. गर्दीत तुम्हीही उभे राहा आणि त्यांचा चेहरा बघा. १८४९ मध्ये पेन्सिल्वेनियाची सीमा ओलांडल्यावर त्यांना जाणीव झाली होती, की स्वतंत्र तर झालो, पण स्वागताला कुणी नाही, परतायला घर नाही. त्या दिवशी त्यांनी आपल्या माणसांसाठी घर करायचं मनाशी ठरवलं होतं. सीमेवरची ती उणीव त्या साठ वर्षं भरून काढत होत्या.

१९११ मध्ये त्या स्वतः त्याच निवाऱ्यात राहायला येतात. १० मार्च १९१३ रोजी न्यूमोनियाने त्यांचा अंत होतो. आपल्याकडे १० मार्चला सावित्रीबाई फुले यांचं स्मरण होतं. १८९७ मध्ये प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्या गेल्या. दोघी कधी भेटल्या नाहीत, पण दुखणाईताला आपलं मानण्याचा दोघींचा धर्म एकच होता. हॅरिएटना फोर्ट हिल दफनभूमीत सैनिकी मानवंदना मिळते.

२००३ मध्ये अमेरिकेच्या संसदेने थकलेल्या पेन्शनची भरपाई म्हणून या निवाऱ्याला ११,७५० डॉलर मंजूर केले. २०१७ मध्ये ऑबर्नची ही जागा राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाली. हे झालं ते योग्यच, पण ज्यांना त्या पैशांची गरज होती, ती माणसं केव्हाच संपली होती.

तुम्ही आता आपल्या काळात परतलात. हॅरिएट टबमन यांची गोष्ट मुलांना सांगाल तेव्हा अंधार, रान आणि ध्रुवतारा जरूर सांगा. पण सीमेवर थांबू नका. पुढचं कर्ज, भाजीचे वाफे, फेटाळलेले अर्ज आणि लिलावातली बोलीही सांगा. बेड्या तोडणाऱ्यांचा गौरव करणं सोपं आहे. बेड्या तुटल्यावर माणसाने कुठे राहायचं, आजारपणात त्याला कुणी सांभाळायचं, म्हातारपणी कुणाच्या दारी जायचं, या प्रश्नांची उत्तरं समाजाने द्यायची असतात. ऑबर्नमध्ये ती एका अशिक्षित, आजारी, कर्जात बुडालेल्या बाईला द्यावी लागली, आणि त्यांनी ती शेवटपर्यंत दिली.