पोकरमधील पोझिशन

पोकर या पत्त्यांच्या खेळात एखाद्या खेळाडूची पाळी इतरांच्या आधी येते की नंतर, यावरून ठरणाऱ्या त्याच्या स्थानाला पोझिशन असे म्हणतात. ज्याची पाळी उशिरा येते, त्याला आधीच्या खेळाडूंचे निर्णय पाहून आपला निर्णय घेता येतो. त्यामुळे उशिराची पोझिशन फायद्याची, तर आधीची पोझिशन तोट्याची मानली जाते. टेक्सस होल्डेम आणि ओमाहा या प्रकारांत या तत्त्वाला विशेष महत्त्व आहे. पुढील विवेचन नऊ खेळाडूंच्या टेक्सस होल्डेमला अनुसरून आहे.

पाळीचा क्रम

टेक्सस होल्डेममध्ये प्रत्येक खेळाडूला दोन झाकलेली पाने मिळतात. त्यानंतर मेजावर सर्वांसाठी सामाईक अशी पाच पाने उघडली जातात. प्रथम एकदम तीन, मग एक आणि अखेर आणखी एक, अशा या टप्प्यांना अनुक्रमे फ्लॉप, टर्न आणि रिव्हर म्हणतात. पैजांची पहिली फेरी फ्लॉपपूर्वी आणि नंतर प्रत्येक टप्प्यावर एक, अशा एकूण चार फेऱ्या होतात.

पाने वाटणाऱ्याची जागा दाखवण्यासाठी बटण नावाची चकती वापरतात. कॅसिनोमध्ये पाने कर्मचारी वाटत असला, तरी नियमांच्या दृष्टीने ज्याच्यापुढे बटण असते तोच वाटणारा समजला जातो. पाळी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते आणि प्रत्येक डावानंतर बटण डावीकडे एक जागा सरकते. बटणाच्या डावीकडील पहिल्या दोन खेळाडूंना पाने मिळण्यापूर्वीच ठरावीक रक्कम भरावी लागते. पहिल्याच्या रकमेला स्मॉल ब्लाइंड आणि दुसऱ्याच्या रकमेला बिग ब्लाइंड म्हणतात. तीन पत्तीत ब्लाइंड म्हणजे पाने न पाहता खेळणे. पोकरमध्ये मात्र हा शब्द या सक्तीच्या रकमेसाठी वापरला जातो आणि ती भरणाऱ्यास आपली पाने पाहता येतात.

पहिल्या फेरीची सुरुवात बिग ब्लाइंडच्या डावीकडील खेळाडू करतो. पुढील तिन्ही फेऱ्यांत बटणाच्या डावीकडील, डावात उरलेला पहिला खेळाडू सुरुवात करतो आणि बटणावरील खेळाडूची पाळी शेवटी येते. दोघांच्याच खेळात बटणावरील खेळाडू स्मॉल ब्लाइंड भरतो. तो पहिल्या फेरीत आधी आणि नंतरच्या फेऱ्यांत शेवटी खेळतो.

जागांचे गट

बिग ब्लाइंडच्या डावीकडील जागेला अंडर द गन म्हणतात. ही जागा आणि तिच्या पुढील दोन जागा मिळून आरंभीची पोझिशन होते. त्यानंतरच्या लोजॅक आणि हायजॅक या मधल्या जागा होत. कटऑफ आणि बटण या उशिराच्या जागा होत. हायजॅकलाही काही जण उशिराच्या गटात धरतात. दोन्ही ब्लाइंडचा गट वेगळा मानतात, कारण पहिल्या फेरीत त्यांची पाळी शेवटी येत असली तरी पुढील प्रत्येक फेरीत ती आधी येते.

फायद्याची कारणे

पहिले कारण माहितीचे. प्रतिस्पर्ध्याने चेक केले, पैज लावली की रक्कम वाढवली, हे उशिरा खेळणाऱ्यास आधीच कळलेले असते. दुसरे कारण पॉटवरील नियंत्रणाचे. इतरांनी चेक केल्यास तोही चेक करून पुढील पान फुकट पाहू शकतो किंवा पैज लावून पॉट वाढवू शकतो.

तिसरे कारण मागे उरलेल्या खेळाडूंच्या संख्येचे. एखाद्या खेळाडूकडे सर्वोत्तम ५ टक्क्यांतील पाने असण्याची शक्यता अर्थातच ५ टक्के असते. अंडर द गनच्या मागे आठ खेळाडू असतात; त्यांपैकी निदान एकाकडे अशी पाने असण्याची शक्यता सुमारे ३४ टक्के भरते. सर्वांनी पाने टाकल्यावर बटणाच्या मागे केवळ दोन ब्लाइंड उरतात आणि हीच शक्यता सुमारे १० टक्क्यांवर येते.

उदाहरण

ब्लाइंड १० आणि २० आहेत. बटणावरील खेळाडूने रक्कम ५० केली, स्मॉल ब्लाइंडने पाने टाकली आणि बिग ब्लाइंडने कॉल केला. पॉट ११० झाला. फ्लॉपवर किलवर राजा, बदाम सत्ती आणि चौकट दुर्री आली. समजा, बिग ब्लाइंडकडे नव्व्यांची जोडी आहे. त्याने चेक केल्यावर बटणाने ६० ची पैज लावली, तर समोर खरोखर राजा आहे की नुसती हूल, हे त्याला कळत नाही. शिवाय उरलेल्या दोन्ही फेऱ्यांतही त्यालाच आधी खेळावे लागणार असते. हीच जोडी बटणावर असती, तर बिग ब्लाइंडच्या चेकवरून राजा नसल्याचा काहीसा अंदाज येऊन छोटी पैज लावता आली असती किंवा टर्नचे पान फुकट पाहता आले असते. पाने तीच, फरक केवळ पाळीचा.

नवशिक्यांसाठी निष्कर्ष

आरंभीच्या जागेवरून मोजकीच भक्कम पाने खेळावीत आणि बटणाकडे जाताना निवड क्रमाने सैल करावी, हा सर्वसाधारण नियम आहे. बदाम एक्का आणि किलवर दश्शी ही पाने अंडर द गनवर टाकून देणे इष्ट ठरते, कारण मागे एखाद्याकडे एक्का-राजा किंवा एक्का-राणी असण्याचा धोका मोठा असतो. सर्वांनी पाने टाकली असतील, तर बटणावर याच पानांनी रक्कम वाढवता येते. स्मॉल ब्लाइंडवर ‘अर्धी रक्कम भरलीच आहे’ म्हणून कमकुवत पानांनी पुढे जाणे ही नेहमीची चूक होय. भरलेली रक्कम आता पॉटची असते आणि पुढील तिन्ही फेऱ्यांत सर्वांत वाईट जागा वाट्याला येते.

बटण फिरत असल्याने प्रत्येकाला सर्व जागा सारख्याच वेळा मिळतात. तथापि, लगतच्या डाव्या बाजूचा खेळाडू फ्लॉपनंतर नऊपैकी आठ डावांत आपल्यानंतर खेळतो. त्यामुळे जागा निवडता येत असल्यास आक्रमक खेळाडू आपल्या उजवीकडे असणे सोयीचे ठरते.

मर्यादा

एखाद्याने सर्व रक्कम लावली आणि समोरच्या एकमेव खेळाडूने ती स्वीकारली, की पुढे निर्णयच उरत नाहीत आणि पोझिशनचा प्रभाव संपतो. सेव्हन कार्ड स्टडमध्ये सुरुवात कोणी करायची हे उघड्या पानांवरून ठरते. त्यामुळे तेथे पोझिशन एकाच डावात बदलू शकते.

२००७ मध्ये नॉर्वेच्या आनेट ओब्रेस्टाड हिने १८० खेळाडूंची एक ऑनलाइन स्पर्धा, केवळ एका डावाचा अपवाद वगळता, स्वतःची पाने न पाहता जिंकली. पोझिशन आणि प्रतिस्पर्ध्यांचे निरीक्षण यांचे महत्त्व दाखवण्यासाठी हे उदाहरण दिले जाते. एका स्पर्धेतील यशात नशिबाचा वाटाही असतोच. पोझिशन एखादा डाव जिंकण्याची हमी देत नाही; तिचा फायदा अनेक डावांच्या एकूण हिशेबातच दिसून येतो.