१४. बशीवरचा फोन

तुंगार्ली : लोणावळ्याच्या उत्तरेला, राजमाचीच्या वाटेवरची धरणाकाठची वस्ती. लेखक जिला ‘गच्चीवरची बशी’ म्हणतो ती व्हीसॅटची डिश. विषुववृत्तावर सुमारे ३५,८०० कि.मी. उंचीवरचा भूस्थिर उपग्रह इथून दक्षिणेला, बराच डोक्यावर दिसतो. त्यामुळे भोवतालच्या डोंगरांची आडकाठी होत नाही. अडचण पावसाची. केयू बँडचे संदेश मुसळधार सरींत क्षीण होतात आणि लोणावळ्याचा आषाढ वेगळा सांगायला नको. आवाजाची पाकिटे वर जाऊन खाली यायला जवळजवळ पाव सेकंद, उत्तराला तितकाच वेळ. संगणकाचा आणि पुढच्या जाळ्याचा विलंब निराळा. मुलीशी बोलताना ‘दोघेही एकदम बोलायचो, मग दोघेही गप्प’ हे वर्णन त्यामुळे अक्षरशः खरे मानावे. त्यात बापलेकीतला दुरावा वाचणाऱ्यांनी जरा सबुरीने घ्यावे. उपग्रहावरून परदेशी फोन जिल्ह्याला नवा नव्हता : जुन्नर तालुक्यातल्या आर्वीचे विक्रम भूकेंद्र १९७० च्या दशकाच्या आरंभापासून ते काम करीत होते. इंटरनेटवरून बोलण्याला मात्र भारतात १ एप्रिल २००२ पासून परवानगी मिळाली, तीही अर्धीमुर्धी. संगणकावरून परदेशातला साधा फोन लावता येई, देशातला नाही. अमेरिकेशी बशीवरून बोलणारा लेखक पुण्याच्या भावासाठी बाजारातला एसटीडी बूथ गाठतो, ते यामुळेच. — संपा.