थळ घाटातील विजेची सीमा

मुंबईहून नाशिककडे येणारी गाडी कसारा सोडून थळ घाट चढू लागली, की दर ३७ फुटांस १ फूट असा चढ तिच्या वाटेला येतो. १८६५ साली हा मार्ग खुला झाल्यापासून कोळशाच्या एंजिनांची येथे पुरी दमछाक होत असे. १९३० च्या सुमारास विजेची एंजिने घाट चढून इगतपुरीस पोचली. परंतु त्यांना कोणती वीज पुरवावयाची, ह्याचा निर्णय फार दूर झाला होता.

१९२१ साली इंग्लंडात सर अलेक्झांडर केनेडी ह्यांच्या समितीने रेल्वेसाठी १५०० व्होल्ट दाबाची, एकाच दिशेने वाहणारी म्हणजे एकदिश वीज प्रमाण मानावी, अशी शिफारस केली. प्रत्येक कंपनीने मनास येईल ती वीज पत्करली, तर एकीचे एंजिन दुसरीच्या रुळांवर निरुपयोगी ठरेल, ही भीती अनाठायी नव्हती. शिवाय एकदिश प्रवाहाची मोटार उभ्या जागेवरून जड ओझे हलविण्यात मोठी तरबेज. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने हेच प्रमाण स्वीकारले, व ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला ही हिंदुस्थानातील पहिली विजेची गाडी त्यावर धावली. खुद्द इंग्लंडात मात्र ह्या प्रमाणाचा प्रसार बेताचाच झाला!

ह्या विजेत एक खोट होती. दाब कमी, म्हणून प्रवाह मोठा. प्रवाह मोठा, म्हणून तारा जाड आणि वीजकेंद्रे थोड्याथोड्या मैलांवर. उपनगरांत गाड्यांची दाटी असल्यामुळे हा खर्च निघे; इगतपुरीपुढच्या लांब पल्ल्यास तो पेलणारा नव्हता. तेथे कोळसाच राहिला.

पुढे फ्रान्समधील अनुभव पाहून भारतीय रेल्वेने २५,००० व्होल्टची, दिशा पालटत वाहणारी वीज प्रमाण ठरविली. तेवढ्याच शक्तीस येथे सोळाव्या हिश्शाहूनही कमी प्रवाह पुरतो. १९६० नंतरच्या दशकात ही वीज इगतपुरीच्या पुढे खेळू लागली, आणि दोन प्रमाणांची सीमा नेमकी ह्या गावी पडली. एका विजेचे एंजिन सोडावे, दुसरीचे जोडावे. तोवर उतारूंनी फलाटावर चहा घ्यावा. दोन्ही विजांवर चालणारी एंजिने ह्या मार्गावर आली ती १९९० नंतर.

समितीस दोष देणे मात्र न्यायाचे नव्हे. तिच्या काळी उपलब्ध यंत्रांत तीच निवड शहाणपणाची होती. कसारा घाटातील तारांत नवी वीज २००६ साली आली. जेथून आरंभ झाला, त्या हार्बर मार्गावर १५०० व्होल्टचा प्रवाह एप्रिल २०१६ मध्ये थांबला.