पेठेचा संघ आणि पोलिसांचा संघ

वाचकहो, बसवकल्याणच्या व्याख्यानमालेत कोल्हापूरच्या फुटबॉलचा इतिहास कशाला, असा प्रश्न आपल्याला पडेल. चालुक्यांच्या या राजधानीत बोलायला विषयांची काय वाण? तरीही हा विषय मी मुद्दाम घेतला. कोल्हापूरच्या तालमींचे संघ देशाच्या कोणत्याही मोठ्या लीगमध्ये नाहीत. तरी ते पिढ्यान्‌पिढ्या टिकले आहेत. आणि ज्या संघाला आपण हक्काने आपला म्हणू शकलो असतो, तो सगळे जिंकूनही मागे पडला. असे का झाले, हे पाहण्यासाठी आधी हैदराबादला जाऊ.

१ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपण हैदराबाद राज्यात होतो. त्या काळी हैदराबाद सिटी पोलीस हा देशातील बलाढ्य फुटबॉल संघांपैकी एक होता. १९५० साली त्याने मोहन बागानला हरवून ड्युरँड कप जिंकला. मुंबईचा रोव्हर्स कप तर १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे नेला. या संघाला घडवणारे सय्यद अब्दुल रहीम मुळात शिक्षक होते. १९४३ पासून मृत्यूपर्यंत ते संघाचे प्रशिक्षक राहिले. भारतीय संघाचीही धुरा त्यांच्याकडेच होती. १९५१ आणि १९६२ च्या आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक, ही त्या रहीमसाहेबांची कमाई. नातवंडांना हे नाव ‘मैदान’ या २०२४ च्या चित्रपटामुळे ठाऊक असेल.

आता त्याच १९५६ सालाकडे पाहा. बीदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मराठी मुलखात गेले. जहीराबाद, नारायणखेड आंध्रात. बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद आणि आपले कल्याण म्हैसूर राज्यात. आपल्यापैकी कित्येक घरांत माहेर एका राज्यात आणि सासर दुसऱ्या राज्यात, ही गत तेव्हापासूनची. हैदराबाद राज्य नकाशावरून गेले, मात्र १९५७-५८ ची संतोष ट्रॉफी ‘हैदराबाद’ याच नावाच्या संघाने जिंकली, आणि अंतिम सामन्यात हरवले ते मुंबईला! आपण कोणाच्या बाजूने टाळ्या वाजवायच्या, हा प्रश्न तेव्हाच्या सीमेवरच्या माणसाला सोपा नव्हता.

पुढे सिटी पोलिसांचा संघ आंध्र प्रदेश पोलीस झाला. काही वर्षे दबदबा राहिला. ११ जून १९६३ रोजी रहीमसाहेब कर्करोगाने गेले आणि त्यानंतर ते वैभव पुन्हा आले नाही. एका माणसाच्या जाण्यावर सगळे ढकलणे मला पटत नाही. तो संघ खात्याचा होता. खात्याची भरती, खात्याचे साहेब, खात्याची मर्जी. वर आस्था असेपर्यंत चांगली पोरे नोकरीला लागत. ती आस्था ओसरली की मागे उभी राहणारी वस्ती नव्हती. मुंबईच्या महिंद्र युनायटेडचेही वेगळे झाले नाही. २००५-०६ मध्ये तो राष्ट्रीय लीगचा विजेता ठरला आणि २०१० मध्ये कंपनीने संघच बंद केला.

कोल्हापुरात मात्र संघ पेठेचा असतो. पाटाकडील तालीम मंडळ, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, संध्यामठ तरुण मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, फुलेवाडी क्रीडा मंडळ ही नावेच पाहा. (‘प्रॅक्टिस क्लब’ असेही एका जुन्या संघाचे नाव आहे. सराव करता करता खरा संघ झाला, असे म्हणावे काय!) तालीम हा शब्द आपल्या कानाला उर्दूतून ‘शिक्षण’ म्हणून परिचित आहे. कोल्हापुरात तालीम म्हणजे लाल मातीचा आखाडा, जोर-बैठका, मारुतीची तसबीर. कितीएक तालमींत गणपतीही बसतो आणि मोहरमचा पंजाही. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, खासबागेचे मैदान उभारले, त्या हवेत या तालमी वाढल्या. पुढे १९४० साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झाली. छत्रपती घराण्याचा वरदहस्त तिला लाभला आणि आखाड्यातली ईर्ष्या चेंडूकडे वळली. शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ यांच्यातली चुरस आजही शाहू स्टेडियम भरवते.

देशाच्या फुटबॉलशी या संघांचे नाते थोडे विचित्र आहे. १९९६ मध्ये राष्ट्रीय लीग सुरू झाली, २००७ मध्ये तिची आय-लीग झाली, २०१४ मध्ये आयएसएल आली; पाटाकडील किंवा दिलबहार त्यात कधी दिसले नाहीत. (एफसी कोल्हापूर सिटी हा मुलींचा संघ मात्र महिलांच्या राष्ट्रीय लीगमध्ये खेळून आला, हे मुद्दाम नोंदवतो.) शहरातून खेळाडू मात्र वर गेले. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचा.

हे सगळे गोडच आहे असे नाही. पेठेचे प्रेम उतू जाते तेव्हा मैदानात बाटल्या आणि दगड येतात, पोलीस बंदोबस्त लागतो, सामने बंद ठेवण्याची पाळी येते. पुढाऱ्यांच्या नावांचे चषक आले, बक्षिसांच्या रकमा फुगल्या आणि आफ्रिकेतून मानधनावर खेळाडू येऊ लागले. ते चांगले खेळतात, प्रेक्षक त्यांना डोक्यावर घेतात. पण मैदानावर जागा अकराच. बाहेरून एक आला की गल्लीतला एक बाकावर बसतो. विकतचा संघ मोठ्या लीगवाल्यांना शोभतो; पेठेला तो महागात पडेल असे मला वाटते.

वाचकहो, आता आपल्या दाराशी येऊ. सीमाभागातील मराठी मंडळांचे, वाचनालयांचे, या व्याख्यानमालेचेही चालणे दोन रीतींनी होऊ शकते. एक, खात्याच्या रीतीने. मुंबईहून अनुदान येईल, बेंगळुरूहून परवानगी येईल, मग कार्यक्रम. दुसरी रीत तालमीची. गल्लीतून वर्गणी, गल्लीतलेच श्रोते आणि सतरंजी उचलायला गल्लीतलीच पोरे. अनुदान मिळाले तर घ्यावे, मी विरोधात नाही. मात्र आपल्या सभांत मागच्या रांगेत बसलेल्यांचे वय पाहतो तेव्हा मला आपल्या हिशेबाच्या वहीपेक्षा कोल्हापूरच्या एका रीतीची जास्त आठवण होते. तिथे मोठ्यांचा सामना असला की तालमीची बारकी पोरे रेषेबाहेर उभी असतात. चेंडू बाहेर गेला की तो पळत जाऊन आणून देणे हे त्यांचे काम. ते त्यांना कोणी नेमून दिलेले नसते.